आधी आलेला प्रतिध्वनी

रिकाम्या सभागृहात कोणीतरी खोकलं, आणि शाल्मली अहिरराव दचकून मागे वळली.

मागे कोणीच नव्हतं. निळ्या खुर्च्यांच्या रांगा तशाच मिटलेल्या होत्या. दुपारचं ऊन वरच्या झरोक्यांतून तिरपं उतरलं होतं. पुन्हा खोकला आला, या वेळी जरा घोगरा, आणि त्यापाठोपाठ एक पुरुषी आवाज कुरकुरला, "अहो, जरा सरका की तिकडे. पाय अवघडलाय माझा."

"कोण हे?" शाल्मलीने विचारलं.

मंचावर संगणक मांडून बसलेल्या डॉ. नौशीन अत्तारने पडद्यावरची नजर न काढताच उत्तर दिलं, "ते तुम्हीच सांगा, ताई. मागच्या बाजूला कडेची खुर्ची. धोतर, काळी टोपी."

"देवरेमास्तर!" शाल्मली म्हणाली. "पाय मोकळा सोडता यावा म्हणून कायम कडेची खुर्ची धरायचे. त्यांना जाऊन दहा-बारा वर्षं झाली गं."

"म्हणजे आवाज जुळतोय," नौशीन म्हणाली आणि तिने समाधानाने कसलीशी खूण केली. तिच्यासाठी ती एक यशस्वी चाचणी होती. शाल्मली मात्र त्या कडेच्या खुर्चीकडेच बघत राहिली.

शाल्मली सातमाळा विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाची प्रमुख होती. विद्यापीठाचे दरवाजे गावासाठी उघडे ठेवायचे, हे तिचं काम. वर्षभर जाहीर व्याख्यानं, नव्या पुस्तकांवर लेखकांशी गप्पा, कधी जीवाश्मांचं तर कधी जुन्या नकाशांचं प्रदर्शन. चांदवड, येवला, मनमाडहून लोक एसटीने यायचे, चहा प्यायचे, ऐकायचे आणि परतायचे. यंदा सभागृहाला पन्नास वर्षं पुरी होत होती. त्यानिमित्त काय करावं याचा विचार चालू असताना भौतिकशास्त्र विभागातली नौशीन तिच्याकडे आली होती आणि म्हणाली होती, "ताई, तुमच्याकडे जुन्या कार्यक्रमांच्या चित्रफिती आहेत ना? आवाज नसलेल्या असल्या तरी चालतील. मी त्यांना बोलतं करते."

गोष्ट सांगायला सोपी होती. आवाज म्हणजे हवेची थरथर. ती थरथर समोर येईल त्या वस्तूला हलवते. हातातला कागद, गळ्यातला हार, पेल्यातलं पाणी. हे हलणं इतकं सूक्ष्म असतं की डोळ्याला कधीच दिसत नाही. पण कॅमेऱ्याला थोडं दिसतं, कारण कॅमेरा चित्र एका झटक्यात टिपत नाही. तो वरून खाली, ओळीमागून ओळ टिपत जातो, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा किंचित उशिराची असते. म्हणजे एका सेकंदाच्या चित्रात त्या कागदाच्या हजारो वेगवेगळ्या क्षणांच्या नोंदी असतात. पूर्वीही प्रयोगशाळांमधून अशा मुक्या चित्रांतून मोठे आवाज काढले गेले होते. नौशीनने तिच्या संगणकाला पातळ कागद कसा लवतो, झेंडूची पाकळी कशी हलते, हे लाखो नमुने दाखवून शिकवलं होतं. आता तो कुजबुजही ओळखू लागला होता. शिवाय व्याख्यानाला आलेल्या प्रत्येकाच्या हातात कार्यक्रमपत्रिका असायचीच. ज्याची पत्रिका त्याच्याच तोंडासमोर. मंचावरचा वक्ता काय म्हणाला हे तर कळतच होतं, पण ऐकणारे आपापसात काय म्हणाले हेही एकेक करून वेगळं काढता येत होतं.

प्रदर्शनाची कल्पना यातूनच निघाली. प्रत्येक खुर्चीच्या पाठीला एक छोटा ध्वनिक्षेपक बसवायचा. जुनं व्याख्यान मंचावरून ऐकू येईल आणि त्या दिवशी त्या त्या खुर्चीत बसलेल्या माणसाचा आवाज त्याच खुर्चीतून. लोकांनी रांगांमधून फिरायचं आणि ऐकायचं.

उद्घाटनाला कोणतं व्याख्यान लावायचं हे आधीच ठरलं होतं. दोन हजार पंधराच्या जानेवारीत भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक त्र्यंबक अहिरराव यांनी दिलेलं 'दख्खनच्या दगडाची गोष्ट'. हातात एकही टिपण न घेता ते दीड तास बोलले होते. ज्यांनी ऐकलं ते अजून त्याबद्दल बोलत होते, आणि ज्यांनी ऐकलं नव्हतं तेही. व्याख्यानाचं ध्वनिमुद्रण करायचं नाही अशी अट होती. सगळ्यांचे फोन दारातच काढून घेतले होते. पत्रकारिता विभागाच्या दोन कॅमेऱ्यांनी, एक मंचाकडे आणि एक श्रोत्यांकडे तोंड करून, नुसती मुकी चित्रं घेतली होती.

प्राध्यापक अहिरराव हे शाल्मलीचे वडील, सगळ्यांचे नाना.

नौशीन त्या फितीवर काम करत होती तोवर बातमी बाहेर फुटली होती. मग काय विचारता! लोक लग्नाच्या, बारशाच्या, निवृत्तीच्या समारंभाच्या फिती घेऊन विभागात येऊ लागले. एका बाईंना वडील कन्यादानाच्या वेळी काय पुटपुटले ते हवं होतं. एक गृहस्थ स्वतःच्याच सत्काराची फीत ऐकून गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजाऱ्यांशी बोलणं सोडलं. नाशिक, मुंबई, हैदराबाद, सगळीकडे अशी यंत्रणा उभी राहत असल्याचं नौशीन सांगत होती. जिथे कॅमेरा तिथे कान, असं झालं होतं.

शाल्मलीला त्याचा पहिला खरा हिसका बसला तो एका कादंबरीवरच्या कार्यक्रमात. लेखिका पुण्याहून आली होती, सभागृह भरलं होतं. पण एकही माणूस शेजाऱ्याशी बोलत नव्हता. दारात वाटलेल्या पत्रिका लोकांनी घड्या घालून खिशात टाकल्या होत्या. कित्येक जण हात मांडीखाली दाबून बसले होते. विनोदावर हसतानाही बायका तोंडावर पदर, रुमाल घेत होत्या. कार्यक्रम संपल्यावर लेखिका हळूच म्हणाली, "काय हो, तुमच्या गावात कोणी गेलंय का?"

पुढच्याच आठवड्यात नौशीनचा फोन आला. "ताई, नानांचं व्याख्यान तयार आहे. पण एक अडचण आहे. तुम्ही प्रयोगशाळेतच या."

शाल्मली गेली तेव्हा सकाळची चहाची वेळ होती आणि नौशीनचा चहा पेल्यात गार होऊन साय धरलेला होता.

"आवाज मिळालाय. गळ्यातल्या हाराने छान टिपलाय. पण त्यावर एक प्रतिध्वनी आहे."

"मग काय? आपलं सभागृह घुमतंच."

"घुमतं. पण घुमणं नंतर येतं ताई. हे आधी येतंय."

तिने आवाज चालू केला. सत्तावीस वर्षांनी शाल्मलीने वडिलांचा आवाज ऐकला. तोच खर्ज, शब्दाच्या शेवटी किंचित रेंगाळण्याची तीच लकब. आणि मग तिला ते दुसरं ऐकू आलं. नाना म्हणत होते, "हा दगड आगीतून आला." पण त्याच्या अगदी आधी, पापणी लवण्याइतकं आधी, कोणीतरी श्वासाच्या आवाजात म्हणत होतं, "हा दगड..." नाना म्हणाले, "त्या वेळी इथे ना नदी होती, ना माणूस." त्याआधी तोच श्वास, "त्या वेळी इथे..." प्रत्येक वाक्याआधी. एकही वाक्य सुटलं नव्हतं. जणू सभागृहात आणखी कोणी होतं, ज्याला नाना पुढे काय बोलणार हे नानांच्या आधी ठाऊक होतं.

"मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं," नौशीन म्हणाली. "तीनदा सगळं पुन्हा केलं. मग श्रोत्यांकडच्या कॅमेऱ्यावरून जागा शोधली. पहिली रांग, मधली खुर्ची. बाईचा आवाज आहे."

शाल्मलीला जागा बघायची गरज नव्हती. तिथे तिची आई, कुमुदिनी, बसली होती.

तिला आधी आला तो संताप. म्हणजे नानांच्या बोलण्यावरही आईचाच ताबा? शाल्मली व्याख्यानाच्या दिवशी मागे, गर्दीत खुर्चीवर उभं राहून टाळ्या वाजवत होती. दोन महिन्यांनी ती पीएच.डी.साठी जर्मनीला गेली. आणि नेमकं त्यानंतर, इतक्या मोठ्या यशानंतर, आईने नानांना घरात कोंडून घातलं होतं. मुंबईचं, दिल्लीचं आमंत्रण आईने परस्पर नाकारलं. विद्यार्थ्यांना दारातून परत पाठवलं. शाल्मलीने फोन केला तर फोन आईच उचलायची. "झोपलेत." "फिरायला गेलेत." फारच हट्ट केला तर नाना यायचे आणि "हं", "बरं" एवढंच बोलायचे. शेवटी शाल्मली फोनवर ओरडली होती, "तुला त्यांचं मोठेपण बघवत नाही! एका शाळेतल्या बाईला नाहीच बघवणार!" त्यानंतर तिने घरी फोन करणंच बंद केलं. पुढच्या पावसाळ्यात न्यूमोनियाने नाना गेले. ती पोहोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. नंतर ती परत आली, इथेच नोकरीला लागली, आईची औषधं, दवाखाना सगळं करत राहिली. पण दोघींमधलं बोलणं औषधांपलीकडे गेलं नाही.

"ताई," नौशीन जपून म्हणाली, "तो प्रसिद्ध विराम ऐकता का?"

तो विराम सगळ्या जिल्ह्याला माहीत होता. व्याख्यानाच्या मध्यावर नाना म्हणाले होते, "आपल्याला वाटतं, डोंगर वर आला. डोंगर वर आलेला नाही. आजूबाजूची जमीन वाहून गेली आणि जे..." आणि ते थांबले होते. सभागृह श्वास रोखून बसलं होतं. मग खूप वेळाने ते म्हणाले होते, "उरलं, त्याला आपण डोंगर म्हणतो." त्या शांततेवर लोकांनी लेख लिहिले होते.

नौशीनने ती शांतता लावली. त्यात पहिल्या रांगेतून शेजारच्या बाईंचा आवाज आला, "अहो, तुमचा पदर लोळतोय बघा खाली." आईचा आवाज, "हो, हो, राहू द्या." कापडाची सळसळ. आणि मंचावरून, माइकपर्यंत न पोहोचलेला, फक्त हारातल्या फुलांनी ऐकलेला नानांचा आवाज, "ते... हे... ते..." श्वास अडकलेला. "ते... ते..." घाबरलेल्या लहान मुलासारखा. मग आईची कुजबुज, घाईघाईची, "उरलं. अहो, उरलं. उरलं, त्याला..."

"उरलं," नाना म्हणाले, "त्याला आपण डोंगर म्हणतो."

शाल्मलीने हात वर केला. नौशीनने आवाज बंद केला.

आई मनमाडला राहत होती. शाल्मली गेली तेव्हा ती खिडकीशी बसून घेवड्याच्या शेंगा मोडत होती. ऐंशीच्या घरातली, वाकलेली, पण बोटं अजून झपझप चालत होती. आयुष्यभर तिने कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवलं होतं. अजूनही ती बोलायची तेव्हा ओठांची हालचाल ठळक, सावकाश असायची.

"आज कशी काय? गुरुवार नाही ना?"

"आई, त्या व्याख्यानाचा आवाज मिळाला."

शेंगा मोडणारी बोटं थांबली. "आवाज नव्हता त्याला. मी अट घातली होती."

"अट तू घातली होतीस?"

"मग कोण घालणार?"

"आता चित्रावरून आवाज काढता येतो. तुझाही आलाय."

आईने शेंगांचं ताट बाजूला सरकवलं. तिने पदराला हात पुसले, पुन्हा पुसले. "किती आलाय?"

"सगळा."

खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. तो लांब गेल्यावर आई म्हणाली, "ते शब्द जायला लागले होते त्यांचे. दिवाळीपासून. तू तेव्हा वसतिगृहावर असायचीस. माणूस ओळखायचे, दगड ओळखायचे, पण नाव हाताशी यायचं नाही. मीठ हवं असलं तर 'ते' म्हणायचे. नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे वाढत जाणार. पण एक होतं. आपण शब्द पुढे केला की तो उचलून ते उरलेलं वाक्य सरळ म्हणायचे. तसा आजारच होता तो."

"आणि व्याख्यान?"

"ते आधीच कबूल केलेलं होतं. मी म्हटलं, नाही म्हणून कळवू. तर हात जोडले त्यांनी माझ्यापुढे. जुन्या भाषणांवरून आम्ही दोघांनी बसून वाक्यं लावली. मी पाठ केली. शाळेतल्या मुलांना शिकवायची तसं त्यांना ओठ वाचायला शिकवलं. ओट्याच्या त्या टोकाला ते, या टोकाला मी. लोक म्हणाले ना, अहिरराव सर एकाच माणसाशी बोलल्यासारखे बोलत होते? एकाच माणसाशी बोलत होते."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर गेली असतीस जर्मनीला?"

"नसते गेले."

"मग?"

"तो निर्णय माझा होता, आई!"

"होता," आई म्हणाली. "मी घेतला. त्यांनीही तेच सांगितलं होतं, जेवढं सांगता येत होतं तेवढं. कागदावर विमान काढून दाखवलं, आणि तोंडावर बोट ठेवलं. शालूला कळता कामा नये."

"आणि मी फोनवर काय काय बोलले तुला. एका शब्दाने तू..."

"बोललीस. लागलं. पण तू तिकडे शिकत होतीस." आईने पुन्हा ताट जवळ ओढलं. "एक सांगते, शालू. नंतरच्या दिवसांत त्यांनी एकदाही तुझं नाव काढलं नाही. एकदा जरी काढलं असतं ना, तरी मी कोणाचं काही ऐकलं नसतं. त्याच दिवशी तुला बोलावून घेतलं असतं. त्याच एका गोष्टीवर मी निभावलं."

शाल्मली त्या दिवशी आईजवळ जेवली. कित्येक वर्षांत पहिल्यांदा. निघताना तिने विचारलं, "तुझा आवाज त्यातून काढून टाकू का? करता येतं."

आई म्हणाली, "आधी मला ऐकू दे."

टाळ्यांचा भाग नौशीनने शेवटी हाती घेतला होता. शेकडो हातांच्या आवाजाखालून काही वेगळं काढणं सगळ्यात अवघड. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तिने शाल्मलीला बोलावलं आणि काही न सांगता तो भाग लावला. कोसळणाऱ्या टाळ्या. संगणकाने त्या हळूहळू पातळ केल्या, पावसाचा जोर ओसरावा तशा. खालून नानांचा श्वास वर आला.

"ते..." नाना म्हणाले. "ते... शा... शालू. शालू."

कोणी पुढे केलेला शब्द नव्हता तो. पहिल्या रांगेतली खुर्ची गप्प होती. त्यांनी तो एकट्याने शोधून काढला होता. ते सभागृहाच्या मागच्या टोकाकडे बघत होते, जिथे शाल्मली खुर्चीवर उभी राहून टाळ्या वाजवत होती. आपल्याकडे बघून नाना हसले एवढंच तिला आठवत होतं.

"हे ठेवायचं ना?" नौशीनने विचारलं.

शाल्मलीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तरी तिचं डोकं विलक्षण शांत होतं. आईचं वाक्य तिच्या कानात होतं. एकदा जरी नाव काढलं असतं. "नको," ती म्हणाली. "नुसत्या टाळ्या राहू देत."

"ताई, मूळ फीत आहेच. आज ना उद्या कोणीतरी..."

"तोवर आई नसेल."

हे बोलून गेल्यावर तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. दुसऱ्याच्या भल्यासाठी एक गोष्ट दडवायची, आणि त्याला ती कळूही द्यायची नाही. आईने नेमकं हेच केलं होतं.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळीच तिने आईला आणलं. सभागृहात त्या तिघीच होत्या. आई न विचारता पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीत जाऊन बसली. तिच्या पाठीमागच्या ध्वनिक्षेपकातून तिचाच आवाज येऊ लागला, आणि समोरून नानांचा. शाल्मली बाजूला उभी राहून बघत होती. पहिली काही वाक्यं आई नुसती ऐकत होती. मग तिचे ओठ हलू लागले. सत्तावीस वर्षांनी एकही शब्द इकडचा तिकडे झालेला नव्हता. विरामाच्या वेळी तिने डोळे मिटून घेतले. शेवटचं वाक्य झालं, टाळ्या सुरू झाल्या, वाढल्या, ओसरल्या, थांबल्या.

"पुढे?" आईने विचारलं.

"पुढे काही नाही. टाळ्याच आहेत नुसत्या."

"ते काहीतरी बोलले होते तेव्हा. मी बघितलं होतं. मला टाळ्यांत ऐकू आलं नाही, आणि ते अडखळत बोलले म्हणून ओठांवरूनही शब्द लागला नाही. नंतर विचारलं, तर सांगता येईना त्यांना." आई वळून तिच्याकडे बघू लागली. "काय म्हणाले?"

शाल्मली गडबडली. दुसरं काही सुचलं नाही म्हणून म्हणाली, "तुझं नाव घेतलं, आई. कुमुद म्हणाले."

आई किती तरी वेळ तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग सावकाश म्हणाली, "कुमुद म्हणताना ओठ मिटतात, शालू. त्यांचे मिटले नव्हते."

मंचावर नौशीनने मान खाली घातली. आयुष्यभर ओठ वाचणं शिकवलेल्या बाईशी खोटं बोलायला निघालो होतो आपण. शाल्मलीने नौशीनला खूण केली. नौशीनने काढून ठेवलेला भाग लावला.

"ते... शा... शालू. शालू."

आईने खुर्चीचा हात घट्ट धरला. ती रडली नाही. तिचा चेहरा मात्र बघता बघता कोणीतरी आतून दिवा काढून न्यावा तसा झाला.

"ते दाराकडे बोट दाखवायचे," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी. दाराकडे बोट आणि ते, ते. मला वाटलं, बाहेर जायचंय. मी चपला घालून टेकडीपर्यंत न्यायचे. परत आले की पुन्हा दाराकडे बोट. मी रागवायचे, अहो, आत्ताच तर जाऊन आलो..."

शाल्मली तिच्या पायाशी खाली बसली. "तुला कसं कळणार होतं, आई?"

"मला कळायला हवं होतं. सगळ्यांचं कळायचं मला. मुक्या पोरांचं कळायचं."

शाल्मली आईचे गुडघे धरून बसून राहिली. नौशीन केव्हा बाहेर निघून गेली ते दोघींना समजलं नाही. खूप वेळाने आईने पदराने तोंड पुसलं.

"काही काढू नकोस," ती म्हणाली. "माझा आवाज नको काढू, आणि तेही नको. जिच्यापासून लपवायचं होतं तिला कळलं. आता कोणासाठी लपवू?"

संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. कुलगुरू होते, जुने विद्यार्थी होते, टेकायला जागा मिळाली नाही म्हणून भिंतीशी उभे राहिलेले लोक होते. कोणाच्याही हातात कागद नव्हता. दिवे मंद झाले आणि नानांचा आवाज आला, आणि त्याच्या आधी तो दुसरा. पहिली काही मिनिटं लोक अस्वस्थपणे इकडेतिकडे बघत होते. कुजबुज कुठून येतेय हे हळूहळू कळत गेलं तशा माना पहिल्या रांगेकडे वळल्या. तिथे एक म्हातारी बाई ताठ बसली होती आणि तिच्या पाठीमागून तिचाच पन्नाशीतला आवाज येत होता. विरामापर्यंत सगळ्यांना सगळं समजलं होतं. ज्यांनी त्या शांततेवर लेख लिहिले होते त्यांपैकी एक जण समोरच होते. त्यांनी चष्मा काढून हातात धरला.

शाल्मली या वेळी मागे उभी नव्हती. ती आईच्या शेजारी बसली होती.

व्याख्यान संपलं. जुन्या टाळ्या सुरू झाल्या आणि क्षणभर कोणाला काय करावं ते कळेना. मग मागून कोणीतरी टाळी वाजवली, आणखी कोणीतरी, आणि बघता बघता सगळं सभागृह उभं राहिलं. जिवंत माणसांच्या आणि गेलेल्या माणसांच्या टाळ्या एकमेकींत मिसळून गेल्या, कोणती कोणाची ते सांगता येईना. त्या गदारोळात मंचावरून आलेला तो अडखळता शब्द कोणालाच ऐकू आला नाही. ऐकायचा आहे हे ज्यांना माहीत होतं त्या दोघींनाच तो ऐकू आला.

आईने शाल्मलीचा हात धरून वर केला, मंचाच्या दिशेने. तिथे रिकामा माइक होता आणि पाण्याचा पेला. त्या दिशेला बघत, ओठ ठळक हलवत, सावकाश, समोरच्याला नीट वाचता यावं अशा बेताने ती म्हणाली, "ही बघा. आलीये."